डोंगर हीच टाकी
दक्षिण स्पेनमध्ये सिएरा नेवाडा पर्वताच्या उतारावर कान्यार हे लहानसे शेतकरी गाव आहे. पांढरी घरे, पायऱ्यापायऱ्यांची शेते. उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नाहीच. मग पिके जगतात कशी?

अरबी अमदानीपासून या भागात मातीचे पाट आहेत. त्यांना ‘असेकिया’ म्हणतात. शब्दही मूळचा अरबीच. वसंतात बर्फ वितळले, की काही पाटांचे पाणी वरच्या उतारावर मुद्दाम जमिनीत मुरवायचे. तेच झिरपत झिरपत पुढे खालच्या झऱ्यांना येते. डोंगर हीच टाकी!

पण माणसे शहरांकडे गेली आणि कित्येक पाट बुजले. २०१४ साली स्वयंसेवकांनी फावडी घेऊन कान्यारचा एक जुना पाट उपसला, तेव्हा तो पुन्हा वाहू लागला. बर्फ दरवर्षी वितळतेच. पाट उपसायला मात्र गावात माणूस लागतो.