होडीला इंजिन किती एचपीचं?
लेखमाला : गोड्या पाण्यावरची होडी – भाग 5

मागच्या भागात होडीचा तळ पाहिला. आता त्या होडीच्या मागच्या फळीवर लावायच्या इंजिनाकडे वळू. दौंडच्या पूर्वेला राजेगाव-मलठणच्या पट्ट्यात असो की शिरूरकडे घोडकाठी, कुणी नवी होडी पाण्यात सोडली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: “किती एचपीचं बसवू?” आणि पुष्कळदा उत्तर होडी न बघताच मिळतं. शेजाऱ्याचं पंधराचं आहे ना, मग तुम्ही पंचवीसचं घ्या. या सवयीची मला खरोखर धास्ती वाटते. जास्त ताकद म्हणजे जास्त सुरक्षितता, हा समज पाण्यावर खरा ठरत नाही.

विहिरीवर मोटर बसवताना हाच माणूस किती नीट विचार करतो! पाणी किती खोल, पाइप किती इंची, चढ किती, हे पाहून मगच पाच की साडेसात ते ठरतं. होडीबाबतही अशाच तीन गोष्टी आधी बघायच्या: पाणी कुठलं, वजन किती आणि तळ कसा.

आधी पाणी. शिरूर तालुक्यात घोड आणि भीमा या दोन्ही नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. त्यांच्यामागे अरुंद, लांबट फुगवटा तयार होतो. पल्ला थोडा, लाट जवळजवळ नाही. त्रास असतो तो जलपर्णीचा. रांजणगाव सांडसच्या परिसरात मुळा-मुठा भीमेला मिळते. तिथून खाली दौंड तालुक्यात ही हिरवी चादर कशी पसरते, हे काठावरच्या माणसाला सांगायला नको. अशा पाण्यात मोठं इंजिन काही कामाचं नाही. जलपर्णीच्या मुळ्या पंख्याला गुंडाळतात, इंजिनाच्या पायावरची पाणी ओढायची जाळी बुजते आणि मागून पडणारी पाण्याची पिचकारी आधी बारीक होते, मग थांबते. पिचकारी थांबली की इंजिन तत्काळ बंद करायचं, ते वर उचलायचं, हाताने मुळ्या काढायच्या. हे काम 25 किलोच्या आसपास वजनाच्या पाच एचपीच्या इंजिनाशी करणं आणि त्याच्या दुपटीहून जड इंजिनाशी करणं यात फार फरक आहे. बंधाऱ्याच्या फुगवट्यात पाच एचपी पुरतं, आणि दोन वल्ही सोबत हवीतच.

दौंडच्या खाली मात्र चित्र पालटतं. नदी हळूहळू पसरत यशवंतसागर, म्हणजे उजनीचा जलाशय होते. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. धरण भरलेलं असताना पाणी 496.83 मीटरच्या पातळीवर असतं. उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये’ ही बातमी येते तेव्हा पाणी मृतसाठ्यात उतरलेलं आणि तीच पातळी जवळपास सहा मीटर किंवा त्याहून खाली गेलेली असते. मग बुडालेल्या बाभळींचे खुंट, जुनी बांधकामं पृष्ठभागाच्या जवळ येतात. पळसदेवचं जुनं मंदिर पाण्याबाहेर येतं ते याच दिवसांत. पावसाळ्याअखेरीस ज्या वाटेने होडी सुसाट नेली, तीच वाट एप्रिलमध्ये पंखा मोडू शकते.

आणि वारा. उघड्या जलाशयावर वळवाचा वारा सुटला की त्याला अडवायला काही नसतं. बघता बघता लाट उभी राहते. 21 मे 2024 रोजी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ढग दाटले की काठावर थांबायचं, याला कुठलंही इंजिन पर्याय नाही. इंजिन निवडताना मात्र शांत सकाळ नव्हे, तर परतीच्या वाटेवर समोरून येणारा वारा डोळ्यांपुढे ठेवायचा. थोडी ताकद त्यासाठी राखून ठेवायची.

आता आकडे. समजा होडी 14 फूट लांब, मागची फळी साडेचार फूट रुंद, तळ सपाट. होडी 200 किलो, इंजिन आणि टाकी 60, चार माणसं 280, जाळी, बर्फ, मासळी 60. झाले 600 किलो. पाणी कापत सावकाश जाणाऱ्या होडीला टनामागे चार-पाच एचपी पुरतात, म्हणजे इथे तीन. वारा आणि राखीव ताकद धरून पाच ते आठ घ्या. अशा चालीत 14 फुटी होडीचा वेग ताशी नऊ किलोमीटरच्या आसपास अडतो. त्यापुढे कितीही पेट्रोल जाळलं तरी होडी स्वतःच्याच लाटेच्या चढाला लागते, मागून बसते, नाक वर करते. संध्याकाळी जाळं टाकून पहाटे ओढणाऱ्या मासेमाराला एवढा वेग भरपूर झाला.

ज्याला पाण्यावर उचलून धावणारी होडी हवी, त्याचा हिशेब निराळा. तिथे 20 ते 25 किलोला एक एचपी लागतो. म्हणजे आपल्या 600 किलोंना किमान 24. इथेच पेच आहे. अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा 20 फुटांखालच्या होड्यांसाठी एक नियम आहे. लांबी आणि मागच्या फळीची रुंदी फुटांत घेऊन गुणायची: 14 गुणिले साडेचार, 63. हा गुणाकार 52 च्या वर असेल, तळ सपाट असेल आणि इंजिन हातानेच वळवायचं असेल, तर त्याच्या निम्म्यातून 15 वजा करायचे. उरले साडेसोळा. नियम पुढच्या पाचाच्या पटीपर्यंत जाऊ देतो, म्हणजे फार तर 20. धावायला 24 हवेत आणि होडी सोसते 20. मग चारजणांना घेऊन ही होडी धावणारी नाही, एवढं मान्य करायचं. दोनच माणसं न्या, नाहीतर सावकाश जा. त्यावर पंचवीस-तीसचं इंजिन चढवलं तर मागची बाजू दबते, एकदम वेग दिला की नाक आभाळाकडे जातं आणि वळणावर होडी कलंडते.

लहान होडीचा हिशेब तर याहून कडक. 12 फूट गुणिले साडेतीन, 42. नियम 7.5 एचपी म्हणतो. सपाट तळाला एक पायरी खाली, म्हणजे पाच. आपल्याकडच्या बांधणाऱ्यांनी होडीवर अशी पाटी ठोकायला सुरुवात केली तर किती बरं होईल!

इंजिन घेताना मोजपट्टी खिशात असू द्या. मागच्या फळीची उंची वरच्या कडेपासून तळापर्यंत मोजायची. 15 इंचाच्या आसपास असेल तर आखूड पायाचं इंजिन, 20 इंच असेल तर लांब पायाचं. पंख्याच्या वरची आडवी पट्टी तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली यायला हवी. पाय आखूड पडला तर पंखा हवा ओढतो, इंजिन किंचाळतं पण होडी सरकत नाही. लांब पडला तर उन्हाळ्यात बाभळीचा खुंट आधी त्यालाच भेटतो.

आपल्या भागाची म्हणून एक वजाबाकीही आहे. पेट्रोल इंजिनाची ताकद उंचीच्या दर 300 मीटरला साधारण 3 टक्के घटते. उजनीचं पाणी जवळपास 500 मीटरवर असल्यामुळे पाच टक्के तिथेच गेले. इंधनाचंही बघा: पंचवीसचं फोरस्ट्रोक इंजिन पूर्ण वेगात तासाला नऊ-दहा लिटर पितं, पाचचं दोन लिटरच्या आसपास.

पुराच्या बचावकार्याची होडी या सगळ्याला अपवाद. पावसाळ्यात ‘दौंडचा विसर्ग’ लाख क्युसेकच्या घरात जातो तेव्हा प्रवाह सेकंदाला दोन मीटर धरला तरी ताशी सात किलोमीटर झाला. ताशी नऊने जाणारी होडी त्याच्यासमोर दोनवर येते. म्हणून तळेगावजवळच्या सुदुंबरे इथल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या हवेच्या रबरी बोटींना जोरकस इंजिनं लावतात. त्या बोटी आणि ती प्रशिक्षित माणसं बघून आपल्या मासेमारीच्या होडीचं इंजिन ठरवू नये.

इंजिन बसवलं की काठाजवळ, सगळ्यांनी जॅकेट घालून, पूर्ण भार घेऊन एकदा पूर्ण वेग देऊन बघा. इंजिन बंद करणारी दोरी चालकाच्या मनगटाला हवी. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखालची नोंदणी आणि तपासणीही करून घ्या. पुस्तिकेत पूर्ण वेगाचे फेरे दिलेले असतात. बऱ्याच इंजिनांना ते मिनिटाला 5000 ते 6000 असतात. तुमचे फेरे त्याच्या खाली अडकले तर इंजिन बदलायची घाई नको. दोष बहुधा पंख्याच्या पिचमध्ये, म्हणजे एका फेऱ्यात त्याने जेवढं पुढे सरकायचं त्या अंतरात, असतो. एक इंच पिच कमी केला की दीडशे-दोनशे फेरे वाढतात. पंखा कसा वाचायचा, ते पुढच्या आठवड्यात.