सुकामेव्याचा डबा आणि लो-कार्बचा पहिला आठवडा

ज्यांना एपिसोड ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हा लेखी भाग. या वेळी बऱ्याच जणांचा एकच प्रश्न होता: "लो-कार्ब सुरू केलंय. चार वाजता भूक लागते. काजू-बदाम खाल्ले तर चालतील ना?"

चालतील. पण कोणते आणि किती, हे आधी बघू.

पहिली गडबड आपल्या शब्दातच आहे. आपण 'सुकामेवा' म्हणतो आणि बदाम, अक्रोड, मनुका, खजूर, अंजीर सगळं एकाच डब्यात भरतो. पण बदाम-अक्रोड या बिया आहेत, त्यांत फॅट जास्त असतं. मनुका आणि खजूर म्हणजे पाणी काढून टाकलेलं फळ, त्यांत साखरच साखर. ३० ग्रॅम मनुकांत २० ग्रॅमच्या वर कार्ब असतात. घरची एक पोळी म्हणजे साधारण १५ ते २० ग्रॅम. म्हणजे पोळी सोडली आणि मूठभर मनुका खाल्ल्या, तर हिशोब तिथल्या तिथेच!

आता बिया बघू. एकूण कार्बमधून फायबर वजा केलं की जे उरतं, ते साधारण असं, ३० ग्रॅमला:

अक्रोड: २ ग्रॅम
शेंगदाणे: सव्वादोन ग्रॅम
बदाम: पावणेतीन ग्रॅम
पिस्ते: ५ ग्रॅम
काजू: ८ ग्रॅम

शेंगदाणा खरं तर कडधान्यांच्या कुळातला, पण इथे तो महागड्या अक्रोडाच्या शेजारी बसतो. म्हणजे लो-कार्बसाठी खिसा रिकामा करायची गरज नाही. काजू मात्र जपून. दिवसाला २०-३० ग्रॅम कार्बचं कडक डाएट असेल, तर दोन मुठी काजवांत अर्धा कोटा संपतो. आणि चिक्की, बेसन लावलेले मसाला शेंगदाणे, मधात घोळवलेले काजू हे या यादीत येतच नाहीत.

३० ग्रॅम म्हणजे किती? साधारण २३-२५ बदाम, किंवा ७ अख्खे अक्रोड. एक लहान मूठ.

मी सुरू केलं तेव्हा मूठ मोजलीच नाही. पहिल्या आठवड्यात वजन दोन किलो उतरलं, मी खूश! मग काटा हलेचना. कारण साधं होतं. पोळी-भात कमी केला की शरीर साठवलेलं ग्लायकोजेन वापरतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी बाहेर पडतं. ते दोन किलो बहुतेक पाणीच होतं. पुढे मी लॅपटॉपशेजारी डबा ठेवून दिवसाला शंभर ग्रॅम बदाम संपवत होते. म्हणजे जवळपास ५८० कॅलरी, आणि त्या मी जेवणात धरतच नव्हते. आता वाटीत काढून घेते आणि डबा कपाटात ठेवते. एवढा एकच बदल केला.

आता आजचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. माझं बघून आईनेही पोळी-भात सोडला. तिला डायबेटिस आहे, ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे. एका संध्याकाळी गोळी घेतली आणि जेवणाऐवजी थोडे बदाम खाल्ले. तासाभरात हात थरथरायला लागले, घाम फुटला. मी घाबरून म्हटलं, "आई, अजून थोडे बदाम खा." चूक! बियांमधल्या फॅटमुळे पचन सावकाश होतं आणि साखर त्यांत मुळातच कमी असते. शेजारच्या काकूंनी पाण्यात तीन चमचे साखर विरघळवून दिली, तेव्हा आई सावरली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गोळीचा डोस कमी केला. म्हणाले, "आहार बदलण्याआधी यायला हवं होतं."

म्हणून घरात कोणी इन्शुलिन किंवा अशा गोळ्या घेत असेल, तर डाएट आधी डॉक्टरांना सांगा, मग सुरू करा. साखर उतरली तर साखर किंवा ग्लुकोज द्या, १५ मिनिटांनी परत तपासा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. बीपीची गोळी असेल तरी विचारून घ्या, कारण सुरुवातीला पाण्याबरोबर मीठही बाहेर जातं. डोकं दुखतं, गळून गेल्यासारखं वाटतं, ते बऱ्याचदा त्यामुळेच.

बाकी आपल्यासारख्या धडधाकट मंडळींनी एक मूठ, साधे भाजलेले दाणे आणि भरपूर पाणी एवढं सांभाळलं तरी पुष्कळ.

हा भाग घरच्या ग्रुपवर नक्की टाका. डाएट आपण करतो, पण आपलं बघून आईबाबाही करतात. भेटू पुढच्या एपिसोडला!