चावडीवरील नोटीस
आंबेगाव तालुक्यातील निरगुडसरचा एखादा खातेदार निवर्तल्यावर वारसांची नावे सातबारावर आपोआप चढत नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ अन्वये तीन महिन्यांत तलाठ्यास वर्दी द्यावी लागते. मग फेरफार नोंदीची प्रत चावडीवर लावतात व हितसंबंधितांना लेखी सूचना देतात. खरी मेख येथेच आहे. सासरी नांदणाऱ्या बहिणीचे नाव वर्दीतूनच वगळले, तर तिला सूचना जाणार कशी? तिने १५ दिवसांत हरकत नोंदविल्यास सुनावणी होते. नोंद प्रमाणित झालीच, तर ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. नोंदीमुळे मालकी बुडत नाही हे खरे; परंतु कलम १५७ नुसार विरुद्ध सिद्ध होईपर्यंत नोंद खरी धरतात, आणि ते सिद्ध करण्याचा भार बहिणीवर पडतो.