निबंध मोजले, वाचले कोणी?

परळच्या केईएम रुग्णालयातून 1955 पासून ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ हे इंग्रजी नियतकालिक निघतं. तिथल्या जी. एस. मेडिकल कॉलेजची शिक्षकमंडळी ओपीडी, वॉर्ड आणि लेक्चरं सांभाळून ते चालवत आली. निबंध छापायचे लेखकाकडून पैसे घ्यायचे नाहीत, हा त्यांचा शिरस्ता. मुंबईतच डॉक्टरांच्या एका गटाने नीतीचा मुद्दा घेऊन 1992 मध्ये महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची निवडणूक लढवली. ते हरले. मग 1993 मध्ये त्यांनी वैद्यकीय नीतीवरचं एक पत्रक काढलं, न्यूरोसर्जन डॉ. सुनील पंड्या त्याचे संपादक. आजचं ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ ते हेच. पुढे जे झालं ते या शहरात, या देशात, नीती ठाऊक असलेली माणसं नव्हती म्हणून झालं असं कोणी म्हणू नये, म्हणून हे आधी सांगितलं.

निबंधांच्या बाजाराची ठिणगी पडली ती प्रमोशनच्या नियमातून. सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक व्हायचं तर छापील शोधनिबंध हवेत, ही मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाची (एमसीआय) अट होती. सप्टेंबर 2015 च्या परिपत्रकाने ती आणखी आवळली. निबंधावर पहिलं किंवा दुसरं नाव असेल तरच तो धरायचा. केस रिपोर्ट धरायचा नाही. आणि ई-जर्नल तर नाहीच नाही! म्हणजे प्लॉससारख्या, फक्त इंटरनेटवर निघणाऱ्या नामांकित जर्नलमधला निबंध शून्य. गल्लीतल्या छापखान्यातून निघालेला मात्र चालेल. मान्य सूच्यांमध्ये पब्मेडच्या पंगतीला पोलंडची ‘इंडेक्स कोपर्निकस’ही बसवलेली. तिच्यात भुरटी, म्हणजे पैसे घेऊन न तपासता छापणारी जर्नलं सर्रास सापडत, हे डॉक्टरांनी तेव्हाच लिहून सांगितलं होतं.

आता जिल्ह्याच्या मेडिकल कॉलेजातला लेक्चरर डोळ्यांपुढे आणा. सकाळी दोनशे पेशंट, दुपारी विद्यार्थी, रात्री इमर्जन्सी. संशोधनाला ना वेळ, ना निधी, ना टेबल. तरी इन्स्पेक्शनच्या फॉर्मात निबंधांची यादी भरायची आहे. तेवढ्यात मेल येतो: ‘ग्रीटिंग्ज ऑफ द डे!’ आठवड्यात छापून देतो, अमुक रुपये भरा. तिसऱ्या नावाला किंमत नाही म्हटल्यावर नावांच्या क्रमावरून भांडणं, आणि ज्यांनी मजकूर पाहिलाही नाही अशा साहेबांचं नाव दुसऱ्या जागी. लेक्चररला दोष देणं सोपं आहे. मला खरा दोष परिपत्रकावर सही करणाऱ्यांचा वाटतो.

धोक्याची घंटा त्याआधीच वाजली होती. ऑक्टोबर 2013 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात पत्रकार जॉन बोहॅनन यांनी आपला सापळा उघड केला. आपण गोड्या मसाल्यात घालतो त्या दगडफुलाच्या भाऊबंदांतून काढलेला रेणू कॅन्सरच्या पेशी रोखतो, असा बनावट निबंध त्यांनी 304 जर्नलांना पाठवला होता. लेखक खोटे, संस्था खोट्या, आणि चुका अशा की विद्यार्थ्यालाही दिसाव्यात. 157 जणांनी तो स्वीकारला, 98 जणांनी नाकारला. स्वीकारणाऱ्यांत मुंबईच्या मेडनोचं एक जर्नलही होतं. मेडनो म्हणजे केईएमचं ते नियतकालिक इंटरनेटवर नेणारी, एका बालरोगतज्ज्ञाने उभी केलेली कंपनी. 2011 मध्ये ती वॉल्टर्स क्लुवरकडे गेली होती. सापळ्यात अडकलेलं ते जर्नल बंद करण्यात आलं. पुढे 2015 च्या एका पाहणीत दिसलं की अशा भुरट्या जर्नलांतले निबंध 2010 मध्ये सुमारे 53 हजार होते, ते 2014 मध्ये 4 लाख 20 हजारांवर गेले; लेखकांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भारतातले.

मग सारवासारव सुरू झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीवरून घुसलेल्या 1009 जर्नलांची तपासणी पुण्याचे भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी केली. 88 टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाली. हे 2018 च्या मार्चमध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आलं, आणि मे महिन्यात यूजीसीने 4305 जर्नलं एका फटक्यात यादीतून काढली. शिफारस करणाऱ्यांना कोणी विचारल्याचं मात्र ऐकिवात नाही. 2019 मध्ये अमेरिकी न्यायालयाने हैदराबादच्या ओमिक्स या जर्नल-प्रकाशकाला 5 कोटी 1 लाख डॉलर भरायला सांगितले. परीक्षण न करता छापणं आणि शुल्क लपवणं हे मुख्य आरोप. 2020 मध्ये एमसीआयनेही नियम बदलला: इंडेक्स कोपर्निकस गेली, पहिली तीन नावं आणि पत्रव्यवहार करणारा लेखक ग्राह्य झाला. सुधारणा खरी, पण मोजपट्टी तीच. यूजीसीने तर फेब्रुवारी 2025 मध्ये मान्य जर्नलांची आपली ‘केअर’ यादीच मोडीत काढली, आणि जर्नलची पारख विद्यापीठांवर आणि लेखकांवर सोपवली.

मुंबईत असो वा नांदेडात, निवड समितीवर बसणाऱ्या प्राध्यापकांना म्हणून एक विनंती. उमेदवाराच्या यादीतला कुठलाही एक निबंध आदल्या रात्री पूर्ण वाचून या, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच विचारा.