खांदेरी: किल्ल्याच्या माथ्यावरचं दीपगृह

अलिबागजवळ थळच्या किनाऱ्यावरून समुद्रात दोन बेटं दिसतात. जवळची, बसकी ती उंदेरी. तिच्यापलीकडची, दोन टेकड्यांची आणि माथ्यावर मनोरा मिरवणारी ती खांदेरी.

मुंबई बंदराच्या दक्षिणेकडच्या वाटेवर असलेल्या या जागेचं मोल शिवाजी महाराजांनी नेमकं हेरलं होतं. 1679 मध्ये मायनाक भंडारी माणसं घेऊन बेटावर उतरला आणि तटाचं काम सुरू झालं. मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. बंदरात येणारं-जाणारं गलबत आता मराठ्यांच्या नजरेखालून जाणार! त्यांनी लढाऊ जहाजं आणून बेटाला वेढा घातला. पण वारा पडला की ही अवजड जहाजं जागच्या जागी अडकत. मराठ्यांच्या हलक्या होड्या मात्र वल्ह्यांच्या जोरावर रात्री अंधारातून निसटत आणि बेटावर रसद पोचवत. 1680 मध्ये इंग्रजांनी तह करून नाद सोडला. (तेवढ्यात जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली, ते दुखणं पुढे बरीच वर्षं पुरलं.) 1718 मध्ये कान्होजी आंग्र्यांकडून खांदेरी घेण्याचा इंग्रजांचा डावही फसला.

ज्या बेटाचा मुंबईने धसका घेतला, त्याच बेटाच्या भरवशावर पुढे मुंबईची जहाजं रात्री बंदराची वाट धरू लागली. 1867 मध्ये, ब्रिटिश अमदानीत, दक्षिणेकडच्या टेकडीवर दीपगृह उभं राहिलं. मोक्याची जागा तीच, फक्त मालक बदलला होता. दोनच वर्षांनी सुएझ कालवा खुला झाला, युरोपची जलवाट आखूड झाली आणि मुंबईकडची वर्दळ वाढली. कुलाब्याच्या टोकाचं प्रॉंग्ज दीपगृह आलं ते 1875 मध्ये.

मनोरा दगडी, अष्टकोनी; खाली कर्मचाऱ्यांची इमारत. दीपगृहाचा दिवा नुसता प्रखर असून भागत नाही. भोवतीची भिंगं विखुरणारा उजेड गोळा करून झोतासारखा दूर फेकतात आणि प्रत्येक दीपगृहाच्या झोताची लय वेगळी ठेवलेली असते. दोन झोतांमधले सेकंद मोजले की खलाशाला कळतं, हा दिवा कुठला.

पण खांदेरीला जाऊन फक्त मनोरा पाहून परतणं म्हणजे अर्धं बेट सोडून येणं. दगडाने ठोकला की भांड्यासारखा खणखणणारा एक मोठा खडक इथे आहे. आलेला प्रत्येक जण तो वाजवून बघतोच. तटावर गाड्यावर चढवलेल्या तोफा आहेत. आणि कोळ्यांचा वेताळ आहे: शिळेच्या रूपातला, किल्ल्याचे धनी बदलले तरी जागचा न हललेला.

1998 मध्ये बेटाला कान्होजी आंग्र्यांचं नाव मिळालं. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं, त्यात खांदेरीही आहे. जायचं तर थळहून होडी करावी लागते. पावसाळ्याचे महिने मात्र टाळावेत, आणि परवानगीची चौकशी निघण्याआधीच करावी.