बांधावरचा पाहुणचार : दहिवलीच्या चार दशकांचा मागोवा

आषाढात उल्हास नदी फुगली की नेरळ–कळंब रस्त्यावरचा दहिवलीचा पूल पाण्याखाली जातो. कर्जत शहरातली दहिवली वेगळी; ही नेरळकडची, मालेगावच्या शेजारची. पुलाच्या दोन्ही टोकांना माणसे पाणी ओसरायची वाट बघत उभी राहतात. दूधवाले, शाळेतली पोरे, कळंबकडे जाणारे एसटीचे प्रवासी, सगळ्यांची नजर पाण्याच्या पातळीवर असते. मला मात्र नेहमी पाण्याचा रंग आधी दिसतो. तो तांबडा असतो. डोंगरउतारावरची, वरकसातली, नुकत्या चिखललेल्या खाचरांतली माती त्या पाण्यातून खाडीकडे निघालेली असते.

या मातीचे काय झाले, हाच गेल्या चाळीस वर्षांचा खरा हिशेब आहे. इथे पर्यटन वाढले, निवासस्थाने वाढली, पाटीवर ‘इको’ लिहिण्याची पद्धत आली. पण निसर्ग राखणारा पाहुणचार कोणता आणि निसर्गाच्या जिवावर चाललेला कोणता, हे ठरवायला माझ्याकडे मातीचा हा एकच निकष आहे.

मागे वळून पाहताना आधी पाणी आठवावे लागते. 1922मध्ये भिवपुरीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि घाटमाथ्यावर अडवलेले आंध्र खोऱ्याचे पाणी वीज करून कर्जतच्या बाजूला उतरू लागले. त्यामुळे उल्हास इथे उन्हाळ्यातही वाहते आणि राजनाला या कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भात होतो. कोकणात पावसाळा सरला की बहुतेक खाचरे ओसाड पडतात. त्या तुलनेत हा पट्टा भाग्याचा. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने पटणी, कोळंबा, झिन्या अशा देशी भातांतून निवडलेले वाण इथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पेरले आहेत.

तरीही भातशेती परवडत नव्हती. राब भाजायचा, नांगरायचे, चिखलणी करायची, कंबर मोडेपर्यंत लावणी करायची, मग कापणी आणि झोडणी. राबासाठी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या दरवर्षी छाटायच्या, त्यावर शेण, पालापाचोळा आणि माती पसरून जाळायचे. पोट भरण्यापुरते भात मिळे. हातात रोकड मात्र पडत नसे. मुंबईची लोकल दाराशी असल्यामुळे तरुण कल्याण-अंबरनाथच्या कारखान्यांकडे वळले. जमिनीला पिकापेक्षा प्लॉट म्हणून जास्त भाव येऊ लागला.

अशा काळात चंद्रशेखर भडसावळे अमेरिकेत शिकून परतले आणि मालेगावच्या आपल्या शेतीत उतरले. 1985च्या सुमारास त्यांच्या ‘सगुणा बागे’त शहरी पाहुणे यायला लागले. ‘कृषी पर्यटन’ हा शब्द तेव्हा महाराष्ट्रात फारसा कोणाला ठाऊक नव्हता. शेतात येऊन राहायचे आणि त्याचे पैसे द्यायचे, ही कल्पनाच लोकांना नवी होती. इथे तळी होती, तळ्यांत मासे होते, म्हशीच्या पाठीवर बसून पाण्यात उतरता येत होते. पानात मिळे ते शेतात पिकलेले. साप दाखवून त्यांची भीती घालवली जाई. पाहुण्यांकडून आलेल्या पैशाने शेतकऱ्याला एक दुर्मीळ गोष्ट मिळाली : फसण्याची मुभा. ज्याचे वर्ष एका पिकावर अवलंबून असते, तो प्रयोग करू शकत नाही. पाहुणचाराने ती उसंत दिली.

योगायोग असा की त्याच 1985मध्ये, डिसेंबरात, इटलीने शेतावरच्या पाहुणचाराचा कायदा केला. त्याचे सूत्र साधे होते : शेती मुख्य धंदा राहिली पाहिजे, पाहुणचार तिला जोड. शेती सोडून नुसत्या खोल्या भाड्याने देणाऱ्याला ‘शेतावरचा पाहुणचार’ हे नाव लावता येत नाही. आपल्याकडे हे सूत्र सरकारी धोरणात यायच्या आधी काही शेतकऱ्यांच्या आचरणात आले. महाराष्ट्र सरकारचे कृषी पर्यटन धोरण 2020मध्ये मंजूर झाले. मधली पस्तीस वर्षे ही वाट शेतकऱ्यांनीच तुडवली.

त्या पस्तीस वर्षांत या खोऱ्याचे रूप पालटले. नव्वदच्या दशकापासून फार्महाऊसचे कुंपण एकेका बांधावर चढत गेले. जिथे ओढा होता तिथे भराव आला. आंब्या-जांभळांच्या जागी हिरवळ आली आणि तिला टँकरचे पाणी लागले. कातकऱ्यांच्या आणि ठाकरांच्या नेहमीच्या पायवाटा फाटकांपाशी अडल्या. 26 जुलै 2005च्या पावसाने माथेरानच्या मिनी ट्रेनचा मार्ग उद्ध्वस्त केला आणि ती गाडी पुन्हा धावायला 2007 उजाडले. जुलै 2019मध्ये बदलापूर आणि वांगणीदरम्यान उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारभर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. नदीला पसरायला जागा ठेवली नाही, तर ती स्वतः जागा करून घेते, हे तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

या काळातली माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट मात्र एका भाताच्या शेतात घडली. गेल्या दशकात सगुणा बागेत भात पिकवण्याची नवी पद्धत आकाराला आली. तिला सगुणा राईस टेक्निक, थोडक्यात एसआरटी म्हणतात. गादीवाफे एकदाच करायचे, नंतर नांगर लावायचा नाही. राब नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर खड्डे पाडून बी टोकायचे. कापणीनंतर मुळे उपटायची नाहीत, ती जमिनीतच कुजू द्यायची. त्याच गादीवर मग वाल, हरभरा किंवा मूग. कुजलेल्या मुळांच्या पोकळ्यांतून हवा-पाणी खाली जाते, सेंद्रिय कर्ब वाढतो आणि न विस्कटलेल्या जमिनीत गांडुळे परततात. राब गेला म्हणून झाडांची छाटणी थांबते. चिखलणी गेली म्हणून माती वाहून जाणे कमी होते. लावणीचे वाकणे गेले म्हणून बायांच्या कंबरेला आराम मिळतो. हे तंत्र पुढे मालेगावच्या शिवाराबाहेर महाराष्ट्रातल्या अनेक जिल्ह्यांत गेले.

या पद्धतीचा एक प्रश्न टाळून पुढे जाणे मला प्रामाणिक वाटत नाही. नांगर थांबला की तण माजते आणि त्यासाठी तणनाशकाचा आधार घेतला गेला. ऑक्टोबर 2022मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली. माती वाचवायची आणि मातीत औषधही टाकायचे, हा पेच खराच आहे. आच्छादन, हाताने काढणी, पिकांची फेरपालट यांनी तो सोडवायचा असेल तर मजुरी लागेल आणि त्या मजुरीचा भार उचलायला पाहुणचाराचे उत्पन्न हीच योग्य जागा आहे.

निसर्गाइतकाच वारसाही या हिशेबात धरला पाहिजे. कर्जत तालुक्यातल्या कशेळे इथे अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सेस या संस्थेने देशी भातांचे बियाणे जपले. बियाणे हा वारसाच आहे; तो दरवर्षी पेरावा लागतो, पेटीत ठेवून टिकत नाही. पहिल्या पावसात उगवणारी शेवळे कशी शिजवायची की घशाला खाज येणार नाही, टाकळा कधी खुडायचा, करटोलीचा वेल कोणत्या बांधावर असतो, हे ज्ञान कातकरी आणि ठाकर बायांकडे आहे. थंडीत वालाच्या शेंगा मडक्यात भरून, भांबुर्ड्याच्या पाल्याने तोंड बंद करून लावलेली पोपटी ही रायगडची चव आहे. कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली ओटी, मागचे परस हे इथल्या हवेने शिकवलेले बांधकाम आहे. जवळच कोंढाण्याची लेणी आहेत. आणि याच डोंगररांगेत, सिद्धगडावर, 2 जानेवारी 1943 रोजी ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या आझाद दस्त्याचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. एकाचे गाव माथेरान, दुसऱ्याचे मानिवली. इथे रात्र काढणाऱ्या पाहुण्याला ही दोन नावे कळलीच पाहिजेत.

वारसा जपणे म्हणजे भिंतीवर जुने जाते टांगणे, असा समज अनेक ठिकाणी दिसतो. जाते दळते राहिले, दळणाऱ्या बाईला तिच्या कामाचा आणि ज्ञानाचा मान नि मोबदला मिळाला, तर ते जपणे. शेवळांची भाजी ताटात वाढली पण ती खुडणारीची रानातली वाट कुंपणाने बंद केली, तर पुढच्या पिढीला भाजीचे नुसते नाव उरेल.

2020च्या टाळेबंदीने या सगळ्याची परीक्षा घेतली. पाहुणे थांबले, लोकल थांबली. ज्यांच्याकडे नुसत्या खोल्या होत्या त्यांच्याकडे कुलपे राहिली. ज्यांच्याकडे शेत होते त्यांनी त्या वर्षीही पेरले आणि कापले. शेती मुख्य आणि पाहुणचार जोड, या सूत्राचा अर्थ मला त्या वर्षी पुरता उमगला.

आता पनवेल–कर्जत उपनगरी लोहमार्गामुळे जमिनीचे भाव आणखी चढतील, बांधावर आणखी पाट्या लागतील. निवासस्थान काढू पाहणाऱ्या तरुणांना माझे एवढेच सांगणे आहे : खोल्या मोजण्याआधी ओढा मोजा. तो बारमाही होता का, आता किती महिने वाहतो, तुमच्यामुळे तो एक महिना जास्त वाहील का, हे लिहून ठेवा. गावातली किती माणसे तुमच्याकडे राबतात यासोबत किती माणसांचे तुम्ही ऐकता, तेही लिहा.

आणि पाहुण्यांनो, पावसाळ्यात या. पूल बुडाला असेल तर थांबा, घाई करू नका. पाणी उतरल्यावर एखाद्या गादीवाफ्याच्या शेताच्या कडेला बसा आणि बांधाच्या मोरीतून बाहेर पडणारे पाणी ओंजळीत घ्या. चिखललेल्या खाचरातल्यासारखे ते गढूळ नसते, तळहाताच्या रेषा त्यातून दिसतात. माती जागेवर राहिली आहे, एवढाच त्याचा अर्थ.