जाड खोडाची झाडे ओळखा

मुलांनो, तुम्ही रोपवाटिकेत किंवा कुणाच्या गॅलरीत जाड खोडाचे झाड पाहिले असेल. झाड जेमतेम हातभर उंच. पण त्याचे खोड बुडाशी सुरईसारखे फुगलेले! ही जाडी कशामुळे येते? ज्या प्रदेशात अनेक महिने पाऊस पडत नाही, तिथली काही झाडे आपल्या खोडात पाणी साठवून ठेवतात. त्यामुळे ते फुगते.

पण नुसते जाड खोड पाहून झाडाचे नाव सांगता येत नाही. त्यासाठी पाने, काटे आणि फुलेही पाहावी लागतात.

खोड बुडाशी फुगलेले आहे, काटे नाहीत, पाने फांद्यांच्या टोकाशी दाटीने आली आहेत आणि फुलाला पाच पाकळ्या आहेत, तर ते अडेनियम समजा. हे झाड मूळचे आफ्रिका व अरबस्तानातले. त्याच्या शास्त्रीय नावात 'ओबेसम' हा लॅटिन शब्द आहे. त्याचा अर्थ आहे लठ्ठ!

खोडाप्रमाणे पानेही जाड आणि गुळगुळीत आहेत, ती समोरासमोर जोडीने आली आहेत, तर ते जेड. ते दक्षिण आफ्रिकेतले.

खोडभर लांब काटे आहेत, टोकाशी हिरवी पाने आहेत आणि छोट्या फुलाला दोनच पाकळ्या दिसतात, तर ते युफोर्बिया मिली. ते मादागास्कर बेटावरचे. त्या दोन पाकळ्या खऱ्या पाकळ्या नसतात. ती रंगीत पाने असतात.

झाड ओळखण्यासाठी त्याची फांदी मात्र कधीही मोडू नका. अडेनियम आणि युफोर्बिया यांचा चीक विषारी असतो. आफ्रिकेतील शिकारी अडेनियमचा चीक बाणांना लावत असत. युफोर्बियाचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांना इजा होते. चुकून हाताला चीक लागला तर हात लगेच साबणाने धुवा. ही झाडे लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नका.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ही झाडे उन्हाने सहसा मरत नाहीत. जास्त पाण्याने मरतात. रोज पाणी घातले तर मुळे आणि खोड कुजते. म्हणून कुंडीतली माती बोटाने तपासा आणि ती सुकल्यावरच पाणी घाला. झाड ओळखले की त्याची काळजी घेणे सोपे होते.